सरावातला चुकीचा माणूस

पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरायचं वेड मला लागलं तेव्हा माझी पाठ बऱ्यापैकी निकामी झालेली होती. सोलापुरातल्या दुकानदारानं मला अशी एक सॅक विकली की ती बघून आमच्या हिनं विचारलं, "यात सामान जाणारय की तुम्ही?" तंबू, घडीच्या काठ्या, डोक्याला बांधायची बॅटरी आणि गॅसच्या बुटक्या डब्यावर चालणारी शेगडी. असलं काहीतरी ट्रेनमधून न्यायचं नसतं, हे मला नंतर एका साहेबांनी सांगितलं. त्या साहेबांकडे येतोच.

बेत साधा होता. पालघरला उतरायचं, शिरगावच्या जुन्या किल्ल्यापाशी किनाऱ्यावर तंबू ठोकायचा आणि मग जमेल तसं चालत तारापूरकडे सरकायचं. बोईसरला माझा भाचा राहतो, कारखान्यात आहे. त्याला मी मुद्दाम कळवलं नव्हतं. पाठीवर सॅक असलेला माणूस भाच्याकडे जेवायला गेला की तो प्रवासी राहत नाही, मामा होतो.

पालघर मी झोपेत पार केलं. जाग आली ती बोईसरला. समोर डबा हातात घेतलेला एक कामगार उतरायच्या तयारीत होता.

"चाचा, पालघर तो पीछे गया," तो म्हणाला. "आप इतनी गहरी नींद में थे, हमको लगा नाइट शिफ्ट से आ रहे हो."

भाचा तिथून हाकेच्या अंतरावर. पण मी ताठ मानेनं पूल ओलांडून परतीच्या गाडीत बसलो. यावेळी डोळे टक्क उघडे ठेवले आणि गाडी थांबल्या थांबल्या सॅकसकट उडी मारली. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली : उमरोळी. इतकंही जागं राहायचं नसतं. बरं, या सगळ्या वेळात मी मोबाइलवर स्वतःचं चित्रण करत होतो. "नमस्कार मित्रांनो, मी पालघरला पोहोचलो आहे," हे वाक्य मी बोईसरलाही म्हटलं आणि उमरोळीलाही. तिसऱ्यांदा म्हणताना मोबाइल बंद पडला. त्याला तरी किती खोटं ऐकवत नेणार?

उमरोळीहून एका रिक्षावाल्यानं मला शिरगावच्या अलीकडे सोडलं. ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ, केळी, मधूनच मोगऱ्याचे वाफे. मी वाटेत भेटेल त्याला दोन प्रश्न विचारत होतो. पहिला, किल्ला कुठं आहे. दुसरा, तिकडं संध्याकाळी पोलीस असतात का? मला फक्त तंबूला कुणी हरकत घेईल का ते बघायचं होतं. पण तोंडाला रुमाल बांधलेला, काळ्या गॉगलातला, पाठीवर हे एवढं ओझं असलेला परका माणूस समुद्राकडच्या गावात पोलिसांची चौकशी करतोय, हे बाहेरून कसं दिसतं, तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

एका वाडीच्या कुंपणापाशी मोटारसायकल लावून एक गृहस्थ केळीच्या वाळक्या पानांच्या जुड्या बांधत होते. वय माझ्याएवढंच. बनियनवर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि गळ्यात शिट्टी. त्यांनाही मी माझे दोन प्रश्न विचारले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हे आपल्याला ओळखतात.

"आलात?" ते म्हणाले.

"आलो," मी म्हणालो.

"या या, पानी पिऊन जा." असं म्हणत त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि शिट्टी फुंकली. कानाला लागून फुंकली.

पुढची हकिगत कळायला एक गोष्ट सांगायला हवी. मलाही ती देवळाच्या मंडपात बसवल्यावरच कळली. या किनाऱ्यावरच्या गावांत अधूनमधून सराव होतो. पोलिसांचीच माणसं साध्या कपड्यांत, परकी बनून गावात घुसतात आणि धक्क्यावर, किल्ल्यावर, कुठंतरी 'बॉम्ब' असं लिहिलेला कागद चिकटवून पसार होतात. कागद चिकटायच्या आत त्यांना हुडकून धरायचं, हे गावातल्या स्वयंसेवकांचं काम. आज सराव होता आणि हे शिट्टीवाले काका त्या स्वयंसेवकांचे म्होरके होते.

मागच्या सरावात त्यांनी काय केलं होतं, तेही मंडपातल्या मंडळींनी मला आनंदानं सांगितलं. रस्त्यात एक थकलेला परका भेटला, म्हणून काकांनी त्याला आपल्याच मोटारसायकलवर बसवून किल्ल्यापर्यंत सोडलं. तोच घुसखोर होता. किल्ल्याच्या दारावर कागद लावून, काकांना हात करून तो गेला. तेव्हापासून काकांनी गाडीला किक मारली की कुणीतरी विचारायचंच, "काय, पाव्हनं पोचलं का?"

"या टायमाला जमलं नाय तर शिट्टी आमाला द्या, असं ठरलंय पोरांचं," एक म्हातारी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "धरलाय आता तुला. बस गप."

"अहो आजी, मी पोलीस नाही. मी सोलापूरहून फिरायला आलोय."

"बगा, कसा बोलतोय!" मंडपात कौतुकाची लाट उसळली. "मागचा पन असंच बोलला व्हता. नाशिकचा हाय म्हनाला व्हता."

मी जितका नाही म्हणत होतो, तितका मी पक्का घुसखोर ठरत होतो. ओळखपत्र मागितलं, तर ते मोबाइलमध्ये आणि मोबाइल मेलेला. मग मी माझ्या मते अक्कल चालवली. "सॅक उघडून बघा," म्हटलं, "नुसते कपडे आहेत."

काकांनीच सॅक उघडली. वर दशम्यांचा डबा निघाला आणि शेंगाचटणीची पुडी. काका उघड्या डब्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग तंबूच्या काठ्या निघाल्या, लोखंडी खुंट्या निघाल्या. आणि त्याखालून गॅसचा तो बुटका डबा आणि त्याची शेगडी, नळी जोडलेली.

मंडपातलं हसू बंद झालं.

कागदावर 'बॉम्ब' लिहून आणणारे लोक त्यांना माहीत होते. असलं काही कुणी आणलं नव्हतं. मागच्या बाजूनं एक आवाज आला, "सरावाचा नसंल तर?"

तो प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. बायका पोरांना घेऊन मंडपाबाहेर सरकल्या. माणसं आत सरकली. तोवर माझ्याशी अरे-तुरे करून हसणारे दोघे जण एकदम उठून उभे राहिले. कुणाची तरी मूठ मागून माझ्या कॉलरवर आली. मी सांगू लागलो, "शेगडी आहे हो, चहा करायची," पण माझं आता कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्या लेखी मी एक तर सरावाचा होतो, नाहीतर खराखुरा. तिसऱ्या शक्यतेचा, म्हणजे नुसताच मूर्ख असण्याचा, विचार करायला तिथं कुणाला सवड नव्हती.

काका माझ्या आणि त्या माणसांच्या मधे आले. "हात काडा. सरावाचाच हाय. मी धरलाय, माजा हाय."

"कशावरनं?"

"इचारा त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकाही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हो," मी म्हणालो. "सरावाचाच."

मंडप असा ओरडला की देवळावरची कबुतरं उडाली. ज्यानं कॉलर धरली होती त्यानंच माझ्या पाठीवर थाप मारली. "लय ताणलंस रे! आमाला खरंच वाटलं." काकांना खांद्यावर उचलायचा प्रयत्न झाला, पण वजनामुळं बेत रहित झाला. नाक्यानाक्यावर उभे असलेले स्वयंसेवकही शिट्टी ऐकून धावत आले होते. तेही आता चहाला बसले. कुणीतरी माझ्या हातात कप दिला. मी तो नुसता धरून बसलो. म्हातारी म्हणाली, "नाटक संपलं की आता! पी च्या."

मला बरं वाटत होतं असं नाही. पण जीव वाचला होता, काका जिंकले होते आणि यात कुणाचं काही बिघडलंय असं मला दिसत नव्हतं. नाक्यांवर आता कुणीच उरलेलं नाही, हेही मला दिसत नव्हतं. आणि काका चहाला शिवले नव्हते. ते माझ्या दशम्यांच्या डब्याचं झाकण लावत होते, नीट, चारी बाजूंनी दाबून.

थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली. साहेब उतरले आणि त्यांच्यामागून डोक्यावर टोपी घातलेला एक हसरा तरुण उतरला. हातात आईस्क्रीमचा छोटा खोका.

"किल्ल्यावर कागद लावून आला हा," साहेब म्हणाले. "येताना रस्त्यात कुणी विचारलंसुद्धा नाही म्हणतो. कुठं होतात सगळे?"

सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. मग साहेबांची नजर माझ्यावर आली. "आणि हे कोण?"

मी कोण, ते सिद्ध करायला एकच साधन माझ्याकडे उरलं होतं. घरचा नंबर मला तोंडपाठ होता. साहेबांनी आपल्या मोबाइलवरून तो लावला आणि आवाज मोठा केला. सगळा गाव ऐकत होता.

"तुमच्या मिस्टरांकडे गॅसची शेगडी सापडलीय," साहेब म्हणाले.

"सापडू दे," आमची ही म्हणाली. "त्यांना ती पेटवता येत नाही. घरात चारदा काडी विझवून बसलेत. दशम्या खाल्ल्या का, विचारा तेवढं."

साहेब हसले. त्या आईस्क्रीमवाल्या तरुणानं तोंडावर हात धरला. मग सगळा मंडप हसायला लागला. आधी ते मला हसत होते, आणि ते मला चाललं असतं. मला सवय आहे. पण हसू माझ्यापाशी थांबलं नाही. ते वळलं आणि काकांपाशी जाऊन बसलं.

"एकाला गाडीवरनं पोचवला, दुसऱ्याला च्या पाजून बसवला!"

"शिट्टी द्या काका, आता पुरे."

काकांनी शिट्टी गळ्यातून काढली. दोरी कानाला अडकली, ती सोडवायला त्यांना वेळ लागला. कुणी मदत केली नाही. एका तरुण पोरानं ती घेतली आणि तिथल्या तिथं वाजवून बघितली. साहेबांनी माझा गॅसचा डबा ठेवून घेतला, ट्रेनमध्ये काय नेऊ नये ते सांगितलं, आणि नाव-पत्ता लिहून घेऊन सोडून दिलं.

किनाऱ्यावर तंबू ठोकायची इच्छा उरली नव्हती. मला भाच्याकडे जायचं होतं, बोईसरला, आणि मामा व्हायचं होतं.

"बसा," काका गाडी आणून म्हणाले. "टेसनला सोडतो."

"नको हो. मागं बघा, लोक..."

"बोलतील. बसा."

लोक बोलले. गाडीला किक बसल्याबरोबर मंडपातून आवाज आला, "पाव्हनं पोचवाया निंगालं!" काकांनी मान वळवली नाही. पालघरचा रस्ता लागला. सॅक माझ्या पाठीवर, मी काकांच्या पाठीवर, आणि गाडीचं मागचं चाक तक्रार करत होतं.

शेवटी मला राहवलं नाही. "काका, मी तेव्हा हो म्हणायला नको होतं. घाबरलो."

"मी पन घाबरलो," ते म्हणाले.

"तुम्हाला खरंच वाटलं का, मी सरावाचा आहे म्हणून?"

त्यांनी आधी एक खड्डा चुकवला. मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

"डबा उगडला तवाच समजलं," ते म्हणाले. "पोलीस कशाला बायकोच्या दशम्या घेऊन घुसंल? त्याला पाच वाजता च्या-भजी मिलतात." मग म्हणाले, "पन मग ती नली निंगाली. लोकांचा हात एकदा उठला ना, मग तो कोनाचा, ते पन समजत नाय."

म्हणजे डब्यानंतरचा सगळा वेळ काकांना माहीत होतं. मी त्यांचा माणूस नाही, खरा अजून बाहेर मोकळा फिरतोय, नाके रिकामे आहेत, हे सगळं. तरी ते म्हणत राहिले, माझा आहे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चांगलं, मोठं काहीतरी. मला फक्त "चटणी ठेवून घ्या" एवढं सुचलं.

"तिखट हाय का?"

"फार."

"मग द्या."

पुढच्या वळणावर रस्त्यात गुरं होती. काकांचा हात सवयीनं छातीकडे गेला. तिथं काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की गाडीला हॉर्नच नाही. इतके दिवस ते शिट्टीवरच भागवत असणार. त्यांनी गाडी हळू केली आणि "हो, हो, हट" असं तोंडानं ओरडून बघितलं. गुरांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी मागून दोन बोटं तोंडात घातली, शाळेतली पोरं घालतात तशी, आणि जोर लावून फुंकलं. नुसती हवा आली, आणि थोडी थुंकी. काकांच्या मानेवर उडाली असावी, कारण त्यांनी मान पुसली. आम्ही दोघं गाडी बंद करून तिथंच थांबलो. गुरं सरकायची वाट बघत.