चित्रकथेतला जवान आणि आमच्या वरच्या खोलीतला

भंडाऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची ठरली, तेव्हा पहिला विचारायला आला तो एक निवृत्त फौजी. करडी गावात त्याचं घर बांधणं सुरू होतं. तोवर राहायला जागा हवी होती. मी लगेच हो म्हटलं. लहानपणी युद्धाच्या चित्रकथांची मी पारायणं केली होती. त्यातला जवान मला पाठ होता. रुंद छाती, करारी जबडा, एकटाच चौकी उडवणारा.

हा मात्र किरकोळ अंगाचा, जाड चष्म्याचा. जिना चढताना कठडा धरायचा. लढाईचा विषय काढला की धानाचं बोलायचा.

"फौजी असा राहते का?" बायको म्हणाली. "मले तं हा मानूस खोटाच वाटते."

मलाही तसं वाटू लागलं. एकदा मुद्दामच विचारलं, "भाऊ, लढाईत बंदूक चालवली का जी कधी?"

"सरावात चालवली. लढाईत दुसरं काम होतं."

दुसरं म्हणजे काय, ते काही सांगेना. जवळच्याच शहापूरच्या एका माजी सैनिकाकडे मी त्याची चौकशी केली. त्याने नावही ऐकलं नव्हतं. झालं, माझी शंका पक्की झाली.

मग मी जुन्या चित्रकथा पेटीतून काढल्या आणि एका रविवारी त्याला चहाला बोलावून त्याच्यासमोर ठेवल्या. कुठेतरी चुकेल, सापडेल, असं मनात होतं.

तो चाळू लागला. एकदा मोठ्याने हसला. "इथं कोणाले तहानच नाही लागून राहिली!"

एका पानावर थांबला. शत्रूचा शिपाई कड्यावरून कोसळतोय, तोंडातून मोठ्या अक्षरांत किंकाळी. पुढच्या चौकटीत आपला झेंडा. त्याने पान उलटलं, परत मागे आला.

"याले मंग खाली कोनं आनलं?"

"कोणाले?"

"हा पडला ना, याले."

"तो तं दुश्मन आहे जी."

"म्हणून काय तसाच पडू द्याचा? आमी आनत होतो. आपलेबी अन् त्यायचेबी. स्ट्रेचरवर. उतार असला का समोरच्यानं हात वर धरा लागते, नाही तं मानूस घसरते."

त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून दाखवले आणि तसाच बसून राहिला. चहावर साय धरली.

तो वर गेल्यावर मी सगळ्या चित्रकथा पुन्हा पाहिल्या. रणगाडे होते, विमानं होती, पदकं होती. स्ट्रेचर कुठेच नव्हतं. शत्रूचा प्रत्येक शिपाई मात्र एकाच चेहऱ्याचा, सारख्याच दातांचा. हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. पहिल्यांदाच माझा संशय त्याच्यावरून उठून त्या चित्रांवर गेला.

"गोष्ट चांगली रचली त्यानं," बायको म्हणाली.

त्याच्या वास्तुपूजनाला आम्ही करडीला गेलो. तिथे त्याच्या पलटणीतला एक हरियाणाचा माणूस आला होता. एक पाय लाकडी. बायको सरळ त्याच्याकडेच गेली. "भाईसाब, ये लढाई में थे क्या?"

"मुझे पहाड़ से यही उतार के लाया, बहनजी," तो हसत म्हणाला. "बस, चाय बहुत ख़राब बनाता है."

परतताना कारध्याचा पूल आला. बायको म्हणाली, "असं होतं तं पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं त्यानं?"

 लढाईत स्ट्रेचर उचलायचो असं त्याने सांगितलं असतं, तर खोली देताना मी आणखी चार प्रश्न विचारले असते.