सगुणाबाईंनी रापी काढली

हापश्यानं दोन उचक्या दिल्या आणि तो बंद पडला!

त्र्याहत्तरचा मे महिना. बोरीपासून दोन कोसांवरची ती वाडी; साऱ्या विहिरींचे तळ उघडे पडलेले, पाणी देणारा तेवढा एक हापसा, आणि दांडा हापणाऱ्या नर्मदाबाईंच्या घागरीत थेंब पडेना. एकच गलका झाला.

"आगं, जोरानं हाप की!"

"मोडशील वं! सरक, मला बघू दे!"

जो तो दांड्याला लोंबकळून गेला. आतून नुसती हवा सुस्कारे टाकत होती.

सगुणाबाई रांगेत तिसऱ्या होत्या. मिशनच्या शाळेवरच्या शांतवन मास्तरांची ही मंडळी. वाडीत येऊन चार वर्षं झालेली. हापश्यावर रांगा दोन लागत. पहिली शेतकरी घरांतल्या बायांची. ती सरली की मग पंचफुला आणि तिच्या बौद्ध वस्तीतल्या बाया पुढं येत. सगुणाबाईंची घागर पहिल्या रांगेत असे. नर्मदाबाईंनी त्यांना दहादा खोदून विचारलं होतं, "मास्तरीणबाई, किरिस्ताव म्हंजी नेमके कोण वं तुमी? आदी कोण व्हता?"

"आम्ही प्रभूची लेकरं," असं हसून म्हणत सगुणाबाई घागर उचलत.

वाक्य खरंच होतं. पण खऱ्या वाक्याचाही पडदा करता येतो, आणि त्या पडद्याआड सगुणाबाई चार वर्षं निवांत पाणी भरत होत्या. त्यांचे वडील चारठाण्याचे. मोटा शिवणारे चांभार. त्यांची रापी, चामडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार, सगुणाबाईंच्या ट्रंकेत अगदी तळाशी, लग्नाच्या लुगड्याखाली गुंडाळलेली होती. मास्तरांखेरीज वाडीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून मेकॅनिक आला, किशनराव, सोबत दोन गडी. हापसा उपसायचा म्हणजे जत्राच की! पाइपामागून पाइप वर येऊ लागले, तसतशी गर्दी पुढं पुढं सरकत गेली. शेवटच्या नळकांड्यातून किशनरावानं एक काळी, फाटकी वाटी काढून चिमटीत धरली.

"हा बघा. वायसर गेला."

"कशाचा असतो वं तो?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"चामड्याचा."

"आगं बया!" नर्मदाबाईंचा पदर तोंडाशी गेला. "इतकी वर्सं आमी चामड्यातलं पाणी पेलाव?"

लिंबाखाली बसलेले ऐंशी वर्षांचे आश्रुबा बोळक्या तोंडानं खदखदले. "सूनबाई, मोटंचं पाणी पिऊनच तुझा नवरा एवढा थोर झाला. मोट काय रेशमाची असती व्हय?"

सगळे हसले. हसू मात्र फार टिकलं नाही, कारण किशनराव पिशवी झटकून म्हणाला, "जवळचा वायसर काल मानवतकडं बसवला. दुसरा आणायला चार दिवस लागतील."

चार दिवस! नदीतले झिरेही आटत आलेले. पंचफुला गर्दीच्या कडेनं म्हणाली, "भाऊ, माझी सून परवा बाळंत झाली. घरात एक तांब्या पाणी हाय. चार दिवस कसं काढावं?"

किशनराव ती फाटकी वाटी बोटांत फिरवत राहिला.

आणि सगुणाबाईंची बोटं पदराआड वळवळू लागली. त्या वाटीकडं पाहताच त्यांना कळलं होतं: जाड चामडं भिजवायचं, लाकडी ठोकळ्यावर ओढून बसवायचं, दोरीनं करकचून बांधायचं, उन्हात ठेवायचं. लहानपणी मोटेच्या कामात वडलांच्या हाताखाली हेच तर केलं होतं! पण रापी बाहेर आली की पडदा फाटला. मग उद्या घागर कुठल्या रांगेत?

गेल्याच रविवारी त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की प्रभूनं विहिरीकाठी परक्या बाईकडं पाणी मागितलं, म्हणून पाण्याला कुणी जात विचारू नये. किती गोड आवाजात सांगितलं होतं! आणि सोमवारी पहाटे पंचफुला मागं ताटकळत असताना स्वतःची घागर भरून मुकाट घरी आल्या होत्या. आठवलं आणि कान तापले.

त्या तरातरा घरी गेल्या. ट्रंक उघडली. लुगडं जमिनीवर फेकलं. परत आल्या आणि सगळ्यांसमोर रापी हापश्याच्या ओट्यावर ठेवली.

"किशनराव, मी करून देते. चामडं पाहिजे. दत्तरावांच्या गोठ्यात जुनी मोट हाय."

नर्मदाबाईंचे यजमान दत्तराव पुढं झाले. "तुमाला कसं ठावं?"

"शेळीला वैरण मागायला आले तेव्हा बघितली. तिच्या काठाला दुहेरी टाका हाय. तो माझ्या वडलांच्या हातचा. चारठाण्याचे सिताराम चांभार. मी त्यांची लेक!"

चार वर्षांत वाडीनं त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं नव्हतं. नर्मदाबाईंचे डोळे विस्फारले. दत्तरावांनी मात्र क्षणभर रापीकडं पाहिलं, वळले आणि मोट फरफटत घेऊन आले.

"भिजवायला पाणी?" किशनरावानं इकडंतिकडं पाहिलं.

नर्मदाबाईंच्या घरी अर्धा रांजण होता. त्या हलल्या नाहीत. पंचफुला धावत गेली आणि बाळंतिणीचा तांब्या घेऊन आली. हे चामडं बिघडून चालणार नव्हतं.

बिघडलं नाही. जुन्या वाटीच्या मापानं रापी अशी फिरली, की आश्रुबा उठून जवळ आले. मुसळाच्या बोथट टोकावर चामडं ताणलं, बांधलं, मेच्या उन्हात धरलं, करडीचं तेल पाजलं. दिवस कलता कलता किशनरावानं वाटी नळकांड्यात घालून पाहिली आणि ओरडला, "बसली! मापात बसली!"

पाइप खाली गेले. दांडा हलला. दहा हात, वीस हात, नुसती खरखर. सगुणाबाईंचे ओठ हलत होते. तिसाव्या हाताला गढूळ चूळ आली, आणि मग भळाभळा स्वच्छ पाणी! पोरं नाचली, बाया ओरडल्या, आश्रुबांनी पागोट्यासकट डोकं धारेखाली धरलं.

सगुणाबाईंनी आपली घागर उचलली आणि गुमान पंचफुलाच्या घागरीमागं नेऊन ठेवली.

नर्मदाबाई धारेकडं पाहत राहिल्या. पाणी चामड्यातलं, चामडं चांभाराच्या लेकीच्या हातचं, भिजवलं पंचफुलाच्या पाण्यानं. आता कुणाआधी भरायचं आणि कुणामागं? शेवटी वैतागून म्हणाल्या, "आवं, पण रांग कुठून सुरू हाय?"

"आधी बाळंतिणीची घागर," सगुणाबाई म्हणाल्या.

पंचफुलाची घागर भरली. तिच्यामागं सगुणाबाई आणि त्यांच्यामागं, तोंड वाकडं करून का होईना, नर्मदाबाई. मागच्यांना दुसरी रांग धरायला जागाच कुठली!

रापी हापश्याच्या ओट्यावरच राहिली होती. नर्मदाबाईंनी ती दोन बोटांत उचलली, धारेखाली धुतली आणि सगुणाबाईंपुढं धरली.

"आता दडवून ठिवू नका," त्या घुश्श्यातच म्हणाल्या. "वर, हाताशी ठिवा. मेला वायसर पुन्ना जाईल."