आत्या आणि मुरलेलं पाणी

माझी आत्या राग लोणच्यासारखा मुरू द्यायची. घरात कुणाला कधी रागावून बोलली नाही. पण दुखावणारं वाक्य, ते कुणी, कुठं, कुणासमोर म्हटलं, हे तिच्या कायम लक्षात असायचं.

वालूरला अंगणवाडीत तिची उमर गेली. स्वतःचं लेकरू सहा महिन्यांचं असताना गेलं, पुढं नवराही गेला. काम संपल्यावर ती सेलूला आमच्याकडं राहायला आली. पोरांच्या गलक्याची सवय झालेली, आमचं घर तिला खायला उठायचं. एक दिवस तिनं बाजारातून काचेची टाकी आणि सात मासे आणले. दुकानदारानं सांगितलं होतं, पाणी भरा अन् लगेच सोडा. चौथ्या दिवशी शेवटचा मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत मेला.

आत्या विचारायला गेली, मी सोबत होते. दुकानदार मूळचा वालूरचाच. गिऱ्हाइकांसमोर तो हसत म्हणाला, "बाई, तुमच्या घरात काई जगतच न्हाई, त्याला आमी काय करावं?"

आत्या वळून दुकानातून बाहेर पडली. वाटेत तिनं शेपूची जुडी घेतली, निवडली, भाजी केली. जेवण झाल्यावर मला म्हणाली, "मासे कशानं मेले ते तुझ्या मोबाइलात बघ."

मी वाचून दाखवलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. ते विष पचवणारे जंतू नव्या टाकीत नसतात; ते वाढायला महिना-दीड महिना लागतो. आत्याला हे लगेच पटलं. "म्हंजी पाणी कच्चं होतं," ती म्हणाली.

मग तिनं रिकामी टाकी चालू ठेवली. फिल्टर दिवसरात्र घुरघुरायचा. ती रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाकायची. ते कुजावं, म्हणजे जंतूंना खायला मिळेल. ओळखीच्या एकांच्या जुन्या टाकीतला, ते जंतू धरलेला स्पंजचा तुकडा तिनं विरजणासारखा जपून आणला. शेजारणी विचारायच्या, मासे कुठं हायत? ती म्हणायची, "पाणी मुरायलंय." पाणी तपासायचे, रंग दाखवणारे थेंब मी परभणीहून, कॉलेजातून येताना आणले. आधी अमोनियाचा हिरवा रंग गडद झाला, मग ओसरला. त्यानंतर नायट्राइटचा, म्हणजे अमोनियातून होणाऱ्या दुसऱ्या विषाचा, जांभळा चढला. सातव्या आठवड्यात दोन्ही नाहीसे झाले, तेव्हा तिनं अर्धं पाणी बदललं आणि मानवतहून फक्त दोन मासे मागवले. पुढचे दोन पंधरा दिवसांनी, पुन्हा पाणी तपासून. असं करत सात झाले. एकही मेला नाही.

मला वाटलं, झालं. पण पुढच्या बाजारच्या दिवशी आत्या त्या दुकानासमोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर जाऊन बसली. कुणी नवी टाकी आणि माशांची पिशवी घेऊन निघालं, की त्याला जवळ बोलवायची. "टाकी आज न्या, मासे महिन्यानं न्या," म्हणायची आणि सगळं समजावून सांगायची, अंगणवाडीत पोरांच्या आयांना सांगावं तसं. लोक पिशव्या परत करायला आत जायचे. दुकानदार बाहेर येऊन भांडला. आत्या चहा पीत राहिली. खोटं एक अक्षर ती बोलत नव्हती, त्यामुळं त्याला काही करता येईना. मला मात्र त्याचा पडलेला चेहरा बघून लय बरं वाटायचं.

चार-पाच महिन्यांनी तो माफी मागायला घरी आला. वडील म्हणाले, ताई, आता सोड. आत्यानं त्याला सांगितलं, जे बोलायचं ते गिऱ्हाइकांसमोर बोल. त्यानं तेही केलं. पाणी कच्चं होतं, चूक माझी होती, असं भर दुकानात म्हणाला. नव्या टाकीत लगेच मासे सोडू नका, अशी पाटीही लावली.

पुढच्या बाजारी आत्या पुन्हा बाकड्यावर. मी विचारलं, आता कशाला?

"त्यो माशांचं बोलला," आत्या म्हणाली. "माझ्या लेकराचं न्हाई बोलला."

आत्याच्या हयातीत ते तो कधीच बोलला नाही. आणि आत्यानंही पाय चालत होते तोवर एक बाजार चुकवला नाही.

गेल्या वर्षी ती गेली. दहाव्याला तो दारात येऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी मी बाईंच्या लेकराचं बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "हे तिला सांगायचं होतं."

तो बराच वेळ उन्हात उभा होता. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी विचारलं नाही.