गोव्याचा वाटा

कानडी मुलखातल्या आमच्या घरात मिरी चिकार, पण आईच्या डब्यात कायम बारीक, सुरकुतलेली. टपोरी मिरी गोव्याची. कोडगूहून माल आला की वडील आधी गोव्याचं पोतं भरायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, आणि मग त्यातला दाणाही घरात कोणी उचलायचा नाही. आजोबांपासूनची रीत. पणजीतली एक पोर्तुगीज पेढी ती मिरी घ्यायची आणि बोटीने लिस्बनला धाडायची.

भाषावार प्रांतरचनेच्या सुमारास सरकारने नाकेबंदी केली आणि गोव्याची वाट बंद झाली. शहाण्या व्यापाऱ्यांनी मुंबई गाठली, कोचीन गाठलं. वडील दर हंगामात गोव्याचं पोतं काढतच राहिले. "पेढीच्या नावाने पुजलेला माल दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालू?" म्हणायचे. पोर्तुगीज गेलेच पाहिजेत, असंही तेच तावातावाने म्हणायचे. ते गेल्यावर मिरी कोण घेणार, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. मला अजून त्याचा राग येतो.

सरस्वतीपुरमच्या राहत्या घराची मागची खोली पोत्यांनी भरली, पैसा त्यात अडकला आणि मार्केटातलं दुकान गेलं. "नाका उघडू दे, दुकान परत घेतो," एवढंच ते बोलत.

गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि नमुन्याची पुरचुंडी घेऊन पणजीला गेले. वरातीमागून घोडं! पेढीला कुलूप होतं, मालक मायदेशी गेले होते. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, मिरीची निर्यात तर त्यांनी कधीच सोडली होती. शेवटी शेवटी ते परदेशी दारू आणि डब्यातले मासे आणून विकत होते.

वडील परत आले ते मागच्या खोलीत पोत्यांपाशी जाऊन बसले. संध्याकाळी आई हळूच म्हणाली, "साकु बिडा, पुरे करा हो आता. सारूला घरात मिरी नाही. त्यातली काढू का?"

त्यांनी स्वतः उठून सगळ्यात जुन्या पोत्याची शिवण उसवली. वरून दाणे काळेभोर, टपोरे होते. एखादा दाणा चिमटीत दाबला की भुगा व्हायचा. आईने तीच मिरी कुटून चिंचेचं पातळ सारू केलं. त्यापेक्षा लाकडाचा भुसा परवडला असता. आम्ही भावंडं खाली मान घालून जेवत होतो.

वडिलांनी सारू दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "तिखट आहे," म्हणाले. "गोव्याचा माल आहे तो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या मिरीत तर कोणाच्या डोळ्यांत पाणी आणण्याइतकं काही उरलंच नव्हतं.