मुठीतला हातचा

मंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मुलीची गणिताची वही तपासत होते. दवाखान्यातून दीर एवढंच म्हणाले, "सुमन, ही गेली..." त्याला आता महिना होऊन गेला. पण रडगाणं लिहायला बसले, तर त्याच वरून दटावतील. माझ्या या थोरल्या जाऊबाईंनी कधी काही हातचं राखून केलं नाही, हसणं तर नाहीच. म्हणून जे आठवलं की अजून हसू फुटतं, तेच सांगते.

त्यांचं माहेर हरसूलकडचं, शाळा आठवीनंतर सुटलेली. अंबडच्या एका कारखान्यात त्या पंधरा वर्षं पॅकिंगला हेल्पर होत्या. भरलेला माल तपासणाऱ्या चेकरचं काम त्यांना झोपेतही आलं असतं, पण त्याला दहावी पास लागायचं. ज्या पोरींना यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्याच चेकर होऊन यांना हुकूम सोडायच्या. एक दिवस ताई जेवणाचा डबा आपटतच घरात आल्या.

"सुमन, सतरा नंबरचा फॉर्म आण. मी दहावीला बसणार हाय!"

शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा तो फॉर्म. घरात चेष्टेला ऊत आला. दीर म्हणाले, "आता दोन वेण्या घाल!" ताईंचं उत्तर तयार, "घालीन की. रिबिनी तुमी आणा."

मराठी, इतिहास त्यांनी सपाट्यात उरकले. घोडं अडलं गणितापाशी. बेरजेतला हातचा त्या विसरायच्या, अगदी दरवेळी! मग त्यांनीच युक्ती काढली. हातचा जेवढा, तेवढी डाव्या हाताची बोटं दुमडून ठेवायची. मी चिडायचे, "ताई, पहिलीतल्या पोरासारखं काय करता? लोक हसतील."

"हसू दे. डोकं इसरतं, बोट इसरत नाय."

गणिताच्या पेपराला मी फाटकाबाहेर उभी होते. पेपर सुटला आणि ताई धावतच आल्या. "अगं, माझ्या हातात चिठ्ठी हाय म्हणाले!" दुमडलेली बोटं पाहून सरांना कॉपीचा संशय आला होता. हात उघडा म्हणाले. त्यावर आमच्या ताई म्हणाल्या, "थांबा सर, हातचा दोन हाय. आधी मिळवते, मग उघडते." सगळा वर्ग हसला म्हणे, सरसुद्धा. ताईंनी मात्र बेरीज पुरी केली, मगच हात उघडला.

निकालाच्या दिवशी मोबाइलवर पान उघडता उघडेना. "गणित बघ आधी, गणित!" ताई माझा दंड सोडायला तयार नव्हत्या. शंभरात अडतीस... काठावर, पण पास! मी अशी किंचाळले की गल्ली गोळा झाली. दीर गुपचूप बाहेर गेले आणि खरंच लाल रिबिनी घेऊन आले. त्या बांधून ताईंनी घरोघर पेढे वाटले. पुढे दोन वर्षं त्या चेकरचा निळा कोट घालून मिरवल्या आणि मग आजारपण आलं.

तेराव्याला मी पंगतीची पानं मोजत होते. आत अठ्ठावीस, अंगणात सत्तावीस. आठ न् सात पंधरा, हातचा एक... तेवढ्यात दीरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. घ्यायला डावा हात उचलला, तर करंगळी दुमडलेली.

"थांबा भाऊजी, हातचा आहे."

ते माझ्या करंगळीकडे बघत, तांब्या धरून तसेच उभे राहिले. बेरीज तर केव्हाच झाली होती. पण बोट काही उघडवेना.