बिनखरखरीचा रेडिओ

इनुस तांबोळींना त्या हिवाळ्यात एकच गोष्ट करायची होती. पोपटराव शितोळे जायच्या आत त्यांना बिनखरखरीचा रेडिओ ऐकवायचा होता.

पोपटराव जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. डोळे आधीच काचबिंदूनं गेले होते. आता किडन्या गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. भीमेपल्याड मांडवगणच्या शिवारातल्या वस्तीवर ते खाटेवर पडून असायचे. उशाशी रेडिओ. रेडिओत नुसती खरखर.

ती खरखर दोघांच्या ओळखीइतकीच जुनी. तरुणपणी पोपटराव गळ्यात रेडिओ अडकवून उसाला पाण्याची दारं धरत होते. वाकले, आणि रेडिओ पाटात पडला. तो पिशवीत घालून ते दौंडला आले. स्टेशनजवळ इनुसभाईंचं दुकान होतं. इनुसभाईंनी रेडिओ उघडून वाळवला, सुटलेल्या दोन तारा सोल्डरनं डागल्या, चालू करून हातात दिला.

"खरखर येतीया," पोपटराव म्हणाले.

"ती हवेत हाय, आप्पा. डब्यात न्हाई."

"मग हवा दुरुस्त कर की. मेकॅनिक कशाला म्हनवतो?"

तेव्हापासून पोपटराव बाजाराला आले की दुकानात डोकावायचे. "झाली का हवा दुरुस्त?" हे विचारल्याशिवाय चहाचा कप उचलायचे नाहीत.

हवा बिघडतच गेली. वस्तीवर एलईडीचे बल्ब आले. इन्व्हर्टर आला. भिंतीभिंतीला मोबाईलचे चार्जर लटकले. जे घरात येई ते रेडिओची खरखर वाढवून जाई. पोपटरावांचा मुलगा पप्पू रांजणगावच्या कंपनीत होता. तो मोबाईलवर बातम्या लावून द्यायचा. पोपटराव तोंड फिरवायचे. "नको. इनुस काय म्हनंल?"

दुकानही बदललं. बाहेर बोर्डावर मोबाईलचं चित्र आलं. मुलगा अजीम काउंटरवर बसून स्क्रीन बदलायचा. इनुसभाईंकडे मागचं एक टेबल उरलं. त्या टेबलावर महिनोन्महिने कुणी काही आणून ठेवलं नाही.

डिजिटल रेडिओचं इनुसभाईंना कळलं तेव्हा ते अजीमला म्हणाले, "पुण्याचं स्टेशन आता डिजिटलवर बी लागतं. खरखर औषधाला न्हाई."

"अब्बा, फोनमध्ये सगळं लागतं. वेगळा डबा कोन घेनार?"

"फोनला टावर लागतो. रिचार्ज लागतो. भीमेला पूर आला तवा तुझा टावर पडला. बातम्या कुनी दिल्या?"

"पूर काय रोज येतो का?"

 अजीमचं चुकत नव्हतं. पण इनुसभाईंना काही दुनियेला रेडिओ विकायचा नव्हता. एका माणसाला ऐकवायचा होता.

नव्या गाड्यांमध्ये असा रेडिओ येतो असं त्यांनी ऐकलं होतं. ते सणसवाडीला भंगारवाल्यांकडे फिरले. ठोकलेल्या गाड्यांच्या रांगांतून वाकून वाकून बघत राहिले. भंगारवाला यूपीचा होता. म्हणाला, "चाचा, रेडिओ का क्या करोगे? अच्छा वाला स्क्रीन ले जाओ, पिक्चर देखना." शेवटी नगर रोडवर चेपलेल्या एका गाडीतून हवा तो सेट निघाला. त्यांनी तो एका जुन्या लाकडी खोक्यात बसवला. मोटारसायकलची बॅटरी जोडली. एरियलसाठी तांब्याची तार गच्चीवर ताणली, मग वेटोळी करून बघितली, मग पुन्हा ताणली.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा त्यांची बायको शहाबानो पदर सावरत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कुणी परकी बाई घरात आली असं त्यांना वाटलं.

इनुसभाई कितीतरी दिवसांनी हसले.

एक मात्र त्यांच्या ध्यानात आलं होतं. जुना रेडिओ हवा बिघडली तरी कुजबुजत का होईना बोलत राहतो. हा बोलायचा तेव्हा लख्ख बोलायचा, नाहीतर पार मुका. मधलं काही नाही.

वस्तीवर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अजीमच्या मोबाईलवरून पप्पूला फोन केला. "आप्पांना एवढंच सांग, इनुस येतोय. बाकी बोलू नको."

अजीमनं त्यांना गाडीवर सोडलं. मांडीवर खोकं धरून ते सबंध रस्ताभर बसले होते. दुपार होती. पोपटरावांना झोप लागली होती. त्यांची बायको दगडाबाई पाय दाबत बसली होती. तिनं डोळ्यांनीच "बसा" म्हटलं. इनुसभाईंनी आवाज न करता खोकं खाटेजवळ ठेवलं. पप्पूनं तार खिडकीबाहेर लिंबाला बांधली. बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग बाईंचा आवाज आला. कांद्याच्या रोपांबद्दल काही सांगत होत्या. खोलीत बसून बोलाव्यात तशा.

पोपटरावांनी डोळे उघडले. दिसत नव्हतं, तरी छताकडे बघत ऐकत राहिले. चेहरा उजळला. मग एकदम कावरेबावरे झाले.

"पप्पू, बंद कर ते."

"का वो, आप्पा?"

"मोबाईल बंद कर म्हनतो ना. इनुस यायचाय. जल्मभर रेडिओ डागत बसला बिचारा. त्याला काय वाटंल?"

पप्पूनं इनुसभाईंकडे पाहिलं. इनुसभाईंनी पोपटरावांचा हात हातात घेतला.

"मी आलोय, आप्पा. आन् ह्यो मोबाईल न्हाई. रेडिओच हाय."

"कवा आलास? आन् रेडिओ? मग खरखर कुठं हाय?"

"न्हाईच. गेली. हवा दुरुस्त केली तुमच्यासाठी."

पोपटराव हसले. हसताना खोकला आला. "लबाडा. मी मरताना तरी खरं बोल. ते ब्लूटूथ का काय म्हनत्यात, ते जोडलं असंल."

"आईशप्पथ, आप्पा. हात लावून बघा. लाकडाचं खोकं हाय."

पोपटरावांनी हात पुढं केला. बोटं खोक्यावर फिरली. नॉब सापडला. तेवढ्यात वीज गेली. ओसरीवरच्या इन्व्हर्टरनं घरघर धरली, आणि बाईंचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला.

खरखर नाही. फुसफुस नाही. काहीच नाही.

"बघ," पोपटराव म्हणाले. "रेंज गेली."

इनुसभाई सांगू शकले असते. मोबाईल असता तर इन्व्हर्टरनं बंद पडला नसता, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. पोपटरावांचा हात खोक्यावरून निघाला आणि चाचपडत त्यांच्या मनगटावर आला.

"घेतलास ना मोबाईल? असू दे. मला राग न्हाई. सगळं जग एकीकडं, एकटा किती दिवस धरून बसशील? माझ्यामुळं घेतला नव्हतास. मला ठाव हाय."

दगडाबाईनं डोळ्याला पदर लावला. पप्पू म्हणाला, "आप्पा, अवो..."

इनुसभाईंनी मान हलवून त्याला थांबवलं.

"व्हय, आप्पा," ते म्हणाले. "घेतला."

"मग लाजतो कशाला? लाव परत."

इनुसभाईंनी ओसरीकडं बोट केलं, तसा पप्पूनं बाहेर जाऊन इन्व्हर्टर बंद केला. आवाज परत आला. बाई कांद्यावरून हरभऱ्यावर आल्या होत्या. पोपटराव हात तसाच ठेवून ऐकत राहिले. मधे एकदा म्हणाले, "चांगला हाय रं मोबाईल." इनुसभाई म्हणाले, "चांगला हाय."

पुढच्या आठवड्यात पोपटराव गेले. मातीहून परतल्यावर इनुसभाई दुकानात आले आणि मागच्या टेबलाशी बसले. अजीमला पप्पूकडून सगळं कळलं होतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबवून तो मागं आला.

"अब्बा, सांगायचं तरी. तुमचीच जीत होती ती."

इनुसभाईंनी चष्मा काढला. शर्टाला पुसला.

"काय सांगायचं, अजीम? ऐकत होते की ते."