राबात घातलेला फांगळा

फांगळा कुणी लावत नाही. ओहोळाच्या काठाला, झाडाच्या सावलीत, जिथं पाऊस संपल्यावरही जमिनीला ओल राहते तिथं तो आपला आपण येतो. कमरेएवढा होतो. दांडी काळपट जांभळी, चार धारांची. पान चुरगाळलं की असा उग्र वास सुटतो की नवखा माणूस तोंड फिरवतो. थंडीत तुरे येतात, मग मधमाश्या दिवसभर त्यावर लोळतात.

असलं रानटी झाड माझ्या बायकोनं मुरबाडकडच्या माहेरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.नं आणलं आणि शहापूरजवळच्या आमच्या शेताखाली ओहोळावर लावलं. तिची आई गेली त्या वर्षी. दिवस-कार्य उरकलं, भाऊ कल्याणला कामावर गेला, घराला कुलूप लागलं, आणि ही मुळं घेऊन परत आली.

मी म्हटलं, "बाया म्हायारनं लुगडं आणतात. तू काय आणलंस गो?"

"लुगडं फाटतं," ती म्हणाली.

पाच-सहा वर्षांत सगळा काठ फांगळ्यानं भरला. दिवाळीनंतर गवत कापायला बाया माळावर जायच्या. कुणाला विळा लागला की थेट हिच्याकडे. ही पाला चुरगाळून जखमेवर दाबायची, रक्त थांबायचं. रिकामी असली की संध्याकाळी त्या काठावर जाऊन बसायची. काय करायची तिथं? काही नाही. बसायची.

आणि तो फांगळा मी कापला.

आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्याला राब म्हणतात. फांद्या ऐनाच्या झाडाच्या लागतात, आणि ऐन वाढतो डोंगरावर. चढायला तास, झाडावर चढायचं वेगळं, भारा डोक्यावर घेऊन उतरायचं ते आणखी वेगळं. पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. फाल्गुन लागला होता, मला कंटाळा आला होता. समोर ओहोळावर एवढं माजलेलं रान उभं! एका सकाळी सगळं बुडातून उतरवलं. चार भारे झाले. खूश होऊन घरी आलो.

ती अंगणात सारवत होती. भाऱ्यातली एक दांडी ओढून तिनं बोटात फिरवली.

"हा कुठला?"

"खालचा. रानटी तर हाय. त्याला काय व्हतंय?"

"अवो, ऐनावर चढाय व्हत नाय म्हनून माजं म्हायार भाजायला काढलंत काय?"

सारवण तसंच टाकून ओहोळावर गेली. परत आली ती गप्प. भाकरी वाढली, पाणी दिलं, तोंडातून शब्द नाही. माझी बायको गप्प म्हणजे कोंबडा आरवायचा थांबला म्हणायचं. दोन दिवस मी बडबडलो, भांडी आपटली, खोटंखोटं खोकलो. नाही म्हणजे नाही. तिसऱ्या दिवशी मुरबाडची एस.टी. धरली. म्हटलं, दुसरा फांगळा आणून लावतो, म्हणजे तोंड उघडेल.

सासरवाडीत शिरलो नाही. घराला कुलूप असलं तरी भावकी होती; शिरलो असतो तर चहा, जेवण, आणि शंभर प्रश्न. गावाला वळसा घालून ओहोळ गाठला. फांगळा कुठला, हेही कुणाला विचारलं नाही. जावई बायकोचं झाड ओळखत नाही म्हणून तीन पिढ्या हसल्या असत्या. दांडीला चार धारा, वास उग्र, एवढी खूण मला पुरे होती. तशी एक चांगली छातीएवढी काडी दिसली, वर वाळलेली काटेरी बोंडं. कोयत्यानं मुळासकट उकरली. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शेजारची माणसं हळूहळू उठून मागं गेली.

घरी येऊन तिच्यासमोर ठेवली. "घे तुझा फांगळा."

तिनं नखानं साल खरवडली. आत कोरडं. काडी कटकन मोडली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. हसत होती! खाली बसून, पदर तोंडात कोंबून हसत होती.

"अवो, ही रानतुळस! हिचं आयुष्य एका पावसाचं. ही कवाच मेली. मढं घेऊन आलात एस.टी.तनं, तिकीट काढलंत काय त्याचं?"

"वास तर तसाच हाय."

"तुमच्या नाकाला शेण नि अत्तर एकच!"

मग मला ओहोळावर नेलं. एका बुडाशी माती बाजूला केली. तिथं मोहरीएवढे लालसर कोंब फुटले होते.

"कापलात त्याच दिवशी मूळ खरवडून बघितलं मी. जित्तं हाय. असा नाय मरत फांगळा."

"मग बोलली का नायस?"

"बोलले असते तर तुमी मुरबाडला गेला असता?"

पावसात एकेका बुडाला चार-चार फुटवे आले. दिवाळीला काठ पहिल्यापेक्षा दाट. मग बाई तोऱ्यात! बायांना सांगायची, "माज्या नवऱ्यानं छाटला ना, म्हनून." पुढं दरवर्षी फुलं सरली की विळा माझ्या हातात द्यायची. "निम्मा कापा, निम्मा ऱ्हाऊ दे. नि ऐनाला जावा."

दोन हजारनंतर कधीतरी ती गेली. साल मला माहीत आहे, लिहीत नाही. त्या वर्षी विळा हातात द्यायला कुणी नव्हतं, मी ओहोळावर उतरलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. फांगळा लांबट, काटकुळा झाला, खालची पानं गेली. गवताला जाणारी एक बाई म्हणाली, "बाबा, काकीचा फांगळा म्हातारा झाला." मला राग आला. म्हातारा मी झालो, त्याला काय धाड भरली? त्याच दिवशी खाली गेलो आणि निम्मा उतरवला.

यंदा काठ भरलाय. माश्यांचा आवाज बांधावरून ऐकू येतो. परवा तीच बाई बोट धरून आली, रक्त टपटपत होतं. "बाबा, पाला द्या!"

"घरात नाय, ओहोळावर हाय. चल. आन् वास येतो म्हनून नाक धरशील तर दुसरं बोट मीच कापीन."

नाक धरलंच तिनं. मी पाला चुरगाळून दाबला, जरा जोरातच.